माझ्या आवाजातला पोरगा

माझं माहेर खडवलीच्या पलीकडं, नदी ओलांडली की भाताची खाचरं लागतात, त्याच्या कडेला आमचं घर होतं, घर कसलं, कुडाच्या भिंती आणि वर कौलं, आता तिथं माझ्या भावानं स्लॅबचं बांधलंय आणि पुढं दोन खांब उभे केलेत, देवळाला असतात तसे, कशाला केलेत ते त्याला पण माहीत नाय. आम्ही भावंडं पुष्कळ, शाळा लांब, आणि माझा आवाज हा असा, लहानपणापासून. जाड. आई बोलायची, ही पोरगी ह्या काठावरून बोलली की त्या काठावरची म्हैस मान वर करते. हसलात ना आता. हसा, मला सवय आहे. लोक आयुष्यभर माझ्या बोलण्यावर हसले आणि त्यांना वाटलं ते माझ्या पोराच्या बोलण्यावर हसतायत, तेच तर सांगायला बसलेय तुम्हाला.

पण आधी एक विचारते. तुम्ही एवढं लिहिता, नटांना भेटता, तुमच्याकडं कुठं माझ्या दिनेशचा आवाज आहे का? तो टीव्हीवर मावशी करायचा, त्या मावशीचा नको. मावशीचा ढीग पडलाय. मोबाईलवर दिनेशचं नाव टाकलं की खाली खाली सरकवत जा, संपत नाय, साडी नेसलेला, कपाळाला हे एवढं कुंकू, हातात पाटी, आणि सगळीकडं माझ्या आवाजात बोलतोय. मला त्याचा पाहिजे. साधा, घरातला. पोरगा जाऊन वर्ष होत आलं आणि त्याचा आवाज जगात कुठं नाय, जिथं बघावं तिथं माझाच. नसेलच तुमच्याकडं, असू दे, मी येईल त्याला विचारते.

तर लग्न होऊन मी कोपरीला आले. ही खोली तेव्हाचीच. सासू बोहारीण होती. बोहारीण म्हणजे काय ते आताच्या पोरींना सांगावं लागतं, जुने कपडे घ्यायचे आणि त्याच्यावर स्टीलची भांडी द्यायची, डोक्यावर भांड्यांची पाटी, काखेत कपड्यांचं गाठोडं, आणि दारोदार. नवरा वागळे इस्टेटला एका कंपनीत रखवालदार. गरीब माणूस, म्हणजे स्वभावानं, पैशानं तर होताच. त्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा, हळू, आणि बोलायच्या आधी एक श्वास घ्यायचा, जसं काय स्वतःला विचारतोय की बोलू का नको. बहुतेक वेळा नकोच ठरायचं.

सासूनं मला धंदा शिकवला. डोंबिवलीच्या बिल्डिंगी, कल्याणचे जुने वाडे, कुठल्या घरी दुपारी जायचं, कुठल्या घरी सणाच्या आधी जायचं जेव्हा कपाटं आवरतात. कपडा डोळ्यानं बघायचा नाय, हातानं बघायचा. आणि दोन गोष्टी तिनं पक्क्या सांगितलेल्या. एक, फुकट काय घ्यायचं नाय, चिंधी घेतली तरी निदान चमचा द्यायचा, नायतर ते भिक्षेत जमा होतं. दुसरं, कपडा मेलेल्या माणसाचा असला तर तसं विचारून घ्यायचा आणि त्यावर घासाघीस करायची नाय, समोरचा जे मागेल ते देऊन गुपचूप उठायचं. मी पण तसंच केलं. बाकी घासाघीस मात्र अशी करायची की बाईला वाटलं पाहिजे आपण जिंकलो. म्हणजे कसं, ती बोलणार, मावशी, ही पॅन्ट एकदाच घातलीये हो, आणि मी पॅन्टचा गुडघा उजेडात धरून बोलणार, एकदाच घातली पण पंढरपूरपर्यंत रांगत गेलेला दिसतोय तुमचा नवरा, याच्यावर चमचा येईल, जास्त नाय. मग ती हसायची आणि हसलेली बाई एक साडी जास्त काढते, हे सासूनं नाय शिकवलं, ते माझं मी शिकले.

संध्याकाळी घरी आलं की गाठोडं सोडायचं आणि एकेक कपडा काढत मी ज्या बाईचा तो कपडा तिची नक्कल करायची. नाकातून बोलणारी, इंग्लिश शब्द टाकणारी, फाटक्या रेशमावर टोप मागणारी, दाराची साखळी न काढता घासाघीस करणारी. नवरा भिंतीला टेकून बसायचा, आवाज न करता हसायचा, खांदे तेवढे हलायचे. आणि दिनेश कपड्यांच्या ढिगावर. एकच पोर आम्हाला. तो काय करायचा, मी त्या बायांची नक्कल करायची आणि हा माझी करायचा. माझंच लुगडं डोक्यावरून घेऊन, हात कमरेवर, याच्यावर चमचा येईल. सासू तेव्हा आजारी, अंथरुणातून बोलायची, अगं दोघी दोघी झाल्या घरात, एकीनंच कान फुटत होते.

त्याचा स्वतःचा आवाज बापाचा होता. हे लक्षात ठेवा. बोलणं माझं उचललं, आवाज बापाचा. तसाच हळू, तसाच आधी श्वास. आई, अशी हाक मारायच्या आधी तो इतकासा थांबायचा, मला श्वासावरूनच कळायचं की आता हाक येणार.

नाटकाचा नाद कॉलेजात लागला. ठाण्यात स्पर्धा असायच्या, एकांकिका, हा कधी पोस्टमन, कधी हवालदार, एकदा तर अख्खा वेळ प्रेत होता, मी बघायला गेलेली, घरी येऊन त्याच्या बापाला बोलले, काय छान पडलेला, हालला पण नाय. कुरिअरच्या ऑफिसात नोकरी करायचा आणि सुटला की तालमीला. बाप गेला त्या सालात त्याचं लग्न केलं, वैशाली आंबिवलीची, शहाणी पोरगी, कमी बोलते, ह्या घरात कुणीतरी कमी बोलणारं पाहिजेच होतं. आणि मग तो टीव्हीवरचा हसायचा कार्यक्रम. त्यांनी ह्याला विचारलं, तुझ्याकडं काय आहे, आणि ह्यानं बोहारीण मावशी करून दाखवली.

पहिला भाग लागला तेव्हा चाळ माझ्या खोलीत. मावशी पाटी घेऊन एका मंत्र्याच्या बंगल्यात शिरते, मंत्र्याचा कोट उजेडात धरते, खिसे उलटे करून बघते आणि बोलते, साहेब, खिसे फार ताणलेत, याच्यावर चमचा येईल. काय हसले लोक. टीव्हीकडं बघायचे, मग माझ्याकडं बघायचे, मग परत टीव्हीकडं, जसं काय टेनिस चाललंय. मी पण हसले. माझंच होतं ते सगळं, चालणं, कमरेवर हात, शेवटचा शब्द ओढणं, चहात बटर बुडवून खाणं सुद्धा, पण त्यानं त्याची अशी घडी घातलेली की मलाच वाटलं, अरे, हे तर चांगलं दिसतं. दिनेशनं रात्री फोन केला, श्वास घेतला आणि बोलला, आई, तुला चाललं ना? मी बोलले, साडी चापूनचोपून नेसत जा, मी काय अशी गबाळी नेसत नाय.

मग काय सांगू तुम्हाला. मावशी खेळाडूकडं गेली, सिनेमावाल्याकडं गेली, एका बुवांकडं जाऊन त्यांची कफनी घेऊन आली. पोरं रस्त्यात एकमेकांना चमचा येईल बोलायला लागली. दिनेशला दहीहंडीला बोलवायचे, जिमचं उद्घाटन, चष्म्याच्या दुकानाचं उद्घाटन, कोपरीत तर एका पुढाऱ्यानं सार्वजनिक मुतारीवर त्याचा फोटो लावलेला, शुभेच्छुक म्हणून स्वतःचा त्याहून मोठा. प्रत्येक ठिकाणी शाल. त्या शाली तो माझ्याकडं आणून टाकायचा. मी जन्मभर कपडा हाताळला, तुम्हाला सांगते, सत्काराच्या शालीवर काही येत नाय. चमचा पण नाय. ज्याला द्यावी त्याच्याकडं आधीच पडलेली असते. श्रीफळ तेवढं कामाचं, त्याचं मी वाटण केलं.

दिनेश डोंबिवलीच्या पुढं मोठ्या कॉम्प्लेक्समध्ये राहायला गेला. मला चल बोलला, मी बोलले, तिथं लिफ्टमध्ये कोण कुणाशी बोलत नाय, मी मरेन. म्हणून रोज दुपारी फोन. शूटिंग असो काही असो, जेवायच्या सुट्टीत फोन यायचाच. आधी श्वास, मग, आई, जेवलीस का. एवढंच. मी बोलायची, जेवले. नसले जेवलेली तरी जेवले बोलायची, एकट्यासाठी कोण ताट मांडत बसतं. तो बोलायचा, बरं. संपला फोन. जगाला हसवणारा माणूस माझ्याशी एवढंच बोलायचा आणि मला तेवढं पुरायचं.

मी धंदा सोडला नव्हता. पाय चालत होते तोवर सोडणार पण नव्हते. पण झालं काय, मी दार वाजवायची, काय जुनं असेल तर काढा वहिनी, आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसायला लागायची. आतून नवऱ्याला हाक मारायची, अहो, या इकडं, ही बघा सेम मावशी. पोरं मोबाईल घेऊन यायची, आजी, बोला ना, चमचा येईल बोला ना. कपडा कोण काढतोय. रामनगरला एक बाई, मी तिच्याकडं तिच्या लग्नापासून जात होते, ती मला बोलली, मावशी, तुम्ही पण शिकलात वाटतं टीव्हीवरून, छान करता हो नक्कल. आता घ्या. माझीच नक्कल मी करते. मी बोलले नाय तिला काही, की तो माझा पोरगा आहे बाई, आणि हा आवाज त्याच्या आधी माझ्या नरड्यात होता. बोलले असते तर तिनं बसवून सरबत दिलं असतं आणि कपाट रिकामं करून फुकट दिलं असतं, आणि फुकट घ्यायचं नाय. पाटी उचलली आणि आले. मग हळूहळू कमीच झालं जाणं. मग भाजीवाल्याकडं बोट दाखवून भाजी घ्यायला लागले. दवाखान्यात डॉक्टरीणबाई विचारते, काय होतंय, मी छातीवर हात ठेवून दाखवते, कारण तोंड उघडलं की ती आधी हसणार, मग औषध लिहिणार.

दिनेशला हे मी सांगितलं नव्हतं. त्याला कळलं ते डोंबिवलीच्या सत्कारात. मोठं नाट्यगृह, वरपासून खालपर्यंत भरलेलं, दिनेशचा सत्कार, भूमिपुत्र का काय ते, आणि निवेदक बोलला, आता ज्या माऊलीनं हा हिरा घडवला त्या माऊलीनं दोन शब्द बोलावेत. मी नको नको करत होते. हातात माईक दिला. मला वाटलं, एवढी माणसं आहेत, ह्याच्या बापाचं नाव कुणी घेतलं नाय, आपण घेऊ. मी बोलले, म्हणजे कसं, ह्याचे वडील रखवालदार होते. झालं, अख्खं थेटर हसलं. मला वाटलं माईकचं काय बिघडलं. मी बोलले, त्यांनी कधी ह्याचं नाटक बघितलं नाय, ड्युटी असायची. परत हशा. मी बोलले, ते गेले तेव्हा हा तालमीला होता, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या हो, खुर्च्यांवर मागं रेलून रेलून हसले. वाईट नव्हते लोक. त्यांना वाटलं मावशी चाललीये. दुःखाची गोष्ट त्या आवाजात असू शकते हे त्यांना कुणी दाखवलंच नव्हतं.

दिनेश नाय हसला. तो उठला, माझ्या हातातून माईक घेतला, आणि त्यांना काहीतरी बोलला, पण काय बोलला, तर मावशीच्या आवाजातच बोलला, कारण तेवढं केल्याशिवाय ते गप्प बसले नसते. गाडीत बसलो, कोपरी आली. मग श्वास घेतला. आई, माझं चुकलं का. मी बोलले, तू जेवलास का. त्या सत्कारात जेवण होतं पण दोघांनी पण खाल्लं नव्हतं.

त्यानंतर त्यानं मावशी बंद करतो असं सांगितलं त्या लोकांना. एका मालिकेत काम घेतलं, गंभीर, शाळामास्तरचं, साडी नाय, आवाज स्वतःचा. मी रोज बघायची. बरं करत होता, खरंच बरं करत होता, पण लोक वाट बघायचे की हा आता कमरेवर हात ठेवेल. वर्षभर पण नाय चालली. नवीन भाग यायचा बंद झाला की जुनं पण काढून टाकतात म्हणे, कुठं ठेवतात कोण जाणे, वैशालीनं फार शोधलं, नाय मिळालं. तेवढीच काय ती त्याच्या आवाजाची चीज होती, ती पण त्याच्यासारखीच गेली. आणि दिनेश परत मावशीकडं आला. मला विचारून आला. मी बोलले, कर. कुणाच्या तरी कामाला येऊ दे हा आवाज, माझ्या तर येत नाय.

गेला तो असाच. आजारी नाय, काय नाय. सकाळी शूटिंगची गाडी यायची होती, सोफ्यावर बसलेला, वैशालीला बोलला, पाणी दे, ती पाणी घेऊन आली तर हा मान टाकून. साडीची पिशवी पायाशी. त्या दिवशी दुपारी फोन नाय आला, मी फोन समोर ठेवून बसलेली, आणि मला सांगायला माणसं दारात उभी होती, आत यायची हिंमत होत नव्हती त्यांची.

मोठी माणसं येऊन गेली. सगळ्यांनी काळे चष्मे लावलेले, उन्हाचे दिवस पण नव्हते. एकानं भाषण केलं, आज स्वर्गात हशा पिकला असेल. मी मनात बोलले, पिकू दे, तुला घाई असेल तर जा बघायला. आणि नाक्यावर बॅनर लागला, भावपूर्ण श्रद्धांजली. फोटो कुठला लावला, तर मावशीचा. साडी, कुंकू, कमरेवर हात. अगदी मी. त्या बॅनरखालून मी रोज दूध आणायला जायची, माझ्याच श्रद्धांजलीखालून. दूधवाला पोरगा एकदा बघतच राहिला, कधी तिकडं कधी इकडं. मी बोलले, पिशवी दे, अजून आहे मी.

दहावं माहेरी केलं, खडवलीला नदीवर. आमच्यात बायका जात नाय तिथं, पण मी गेली, वैशालीला घेऊन गेली, कोण अडवणार. कार्यक्रमातली माणसं पण आलेली, गाड्यांची रांग. पिंड ठेवले, आणि तुम्हाला माहीत असेल, जाणाऱ्याला जे आवडायचं ते पानावर ठेवतात, कावळा शिवला की त्याचं मन भरलं, तो मोकळा झाला. तर एकेकजण पुढं येतोय आणि पिशवीतून काय काढतोय, बटर. कुणी डोंबिवलीच्या बेकरीचं, कुणी ठाण्याचं, एकजण थर्मासमध्ये चहा घेऊन आलेला, तो वाटीत ओतला. त्या पानावर बटरचा ढीग लागला. आणि कावळे समोर बाभळीवर बसलेले, एक पण खाली येत नाय.

गुरुजी बोलले, काही इच्छा राहिली असेल तर बोला. चॅनेलचा साहेब पुढं झाला, हात जोडले, बोलला, दिनेश, मावशी बंद पडणार नाय, शब्द देतो. कावळा नाय आला. माझा भाऊ बोलला, तुझ्या आईला आम्ही बघू रे. नाय. एकजण बोलला, वहिनीला काही कमी पडू देणार नाय. नाय. ऊन चढलं. गुरुजी दर्भाचा कावळा करायला लागले. आणि मी पिशवीत हात घातला, मी पण आणलेलं की काहीतरी, आणि हातात काय आलं, बटर. मी, त्याची आई. मी सुद्धा बटरच घेऊन आलेली. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं, की अरे, हे पान माझं मांडलंय. चहा-बटर मला आवडतं. दिनेशला चहा कधी चालला नाय, वासानं मळमळायचं त्याला, टीव्हीत पण कपात नुसतं पाणी असायचं.

मी बोलले, काढा हे सगळं. मग काय ठेवायचं, गुरुजी विचारतात. मी वैशालीकडं बघितलं, वैशालीनं माझ्याकडं. काय आवडायचं त्याला? टीव्हीवर त्याच्या इतक्या मुलाखती झाल्या, कुणी विचारलं नाय, मावशीला काय आवडतं तेच विचारलं, आणि तो पण मावशीतच सांगायचा. मग वैशाली हळूच बोलली, आई, खरवड. आणि मला रडू आलं, तोवर नव्हतं आलेलं. भाताच्या तळाला लागलेलं ते करपट, खरवडून काढतात ते. लहानपणी माझ्याकडं मागायचा, टोप घासायच्या आधी. मला वाटलेलं मोठेपणी सुटलं. सुटलं नव्हतं, तिच्याकडं मागायचा. भावाच्या घरी दहाव्याचं जेवण शिजत होतं, त्याची सून धावत गेली, मोठ्या टोपाच्या तळाची खरवड घेऊन आली, ती ठेवली, आम्ही मागं सरलो. आला कावळा. आता मी काय अशी भोळी नाय, कावळ्याला भूक लागते, तो पण सकाळपासून ताटकळला होता, आणि कडक बटर कावळ्याला पण चावत नसेल. पण आला.

त्यानंतर महिन्या-दोन महिन्यांनी केतन आला, इथं, तुम्ही बसलात तिथंच बसला. त्याच कार्यक्रमातला नट, चांगला मुलगा, दिनेशबरोबर कितीतरी वर्षं होता. साहेबांनी शब्द दिलेला ना नदीवर, तर मावशी आता केतन करणार. पाया पडला, बोलला, काकू, आशीर्वाद द्या, आणि थोडं बोला माझ्याशी, काही पण बोला, म्हणजे मला आवाज पकडता येईल. फोन टेबलावर ठेवला, तुमचा हा ठेवलाय तसाच. आणि पुड्यात बटर आणलेलं, परत.

मी बोलले, देते. पण आमच्यात फुकट काय जात नाय. माझा आवाज घेतोस तर बदल्यात मला दिनेश दे. तो बोलला, म्हणजे? मी बोलले, तू नकलाकार ना. पुढाऱ्यांचे आवाज काढतोस, नट्यांचे काढतोस. एका खोलीत बसून तोंडाला रंग लावलात इतकी वर्षं. दिनेशचा काढ.

त्याला सोपं वाटलं. नीट बसला, हसला, आणि तोंड उघडलं तर मावशी. मी बोलले, ही मी. त्याचा काढ. मग त्यानं घसा खाकरून दुसरं काढलं, धन्यवाद रसिकहो, असं. मी बोलले, हा माईकचा, बक्षीस घेतानाचा. घरातला काढ. केतननं डोळे मिटले. किती वेळ मिटलेले. ओठ हलायचे, परत थांबायचे. मी ह्या बाजूला, जीव कानात घेऊन बसलेली. मग डोळे उघडले आणि बोलला, काकू, मला येत नाय. तो आमच्यात पण मावशीतच बोलायचा. आम्हीच बोलायचो, दिन्या, मावशीत बोल ना. साधं बोलला की आम्हाला वाटायचं ह्याचं काहीतरी बिनसलंय. म्हणून मग तो साधं बोलायचाच नाय. आणि रडला हो तो, एवढा मोठा बाप्या, दोन पोरांचा बाप. मला त्याचा राग नाय आला. जे त्याच्याकडं नाय ते तो कुठून देणार.

मी चहा केला. त्याच्या समोर बसून खूप बोलले, घासाघीस करून दाखवली, रामनगरची बाई दाखवली, सासू दाखवली, पोटभर. किती दिवसांनी मोठ्यानं बोलत होते मी. बोलले, घेऊन जा हा आवाज, मला नको आता. तो उठताना बोलला, काकू, ह्याची परतफेड कशी करू. मी बोलले, जुना माल आहे, याच्यावर चमचा येईल, तेवढा दे. तो हसला, मग माझ्या तोंडाकडं बघून थांबला. पुढच्या खेपेला खरंच घेऊन आला, चांदीचा, मखमलीच्या डबीत. मी बोलले, अरे बाबा, स्टीलचा पाहिजे होता. चांदीच्या चमच्यानं कोण आमटी खातं. तो बघा, शालींच्या वर ठेवलाय.

केतनची मावशी मी बघते. बरी करतो. लोक हसतात. साडी गबाळीच नेसतो.

आणि आता मी काय करते ते सांगते, हसू नका, किंवा हसा. केतन गेला त्या दिवशी मी विचार केला, ह्या घरात नकला कोण करायचं आधी? मी. मग मला का नाय येणार. दोन दिवस नाय आला. आवाज माझा जाड, वर वर जातो, तो खाली, विहिरीत. मग आठवलं, आवाज नंतर, आधी श्वास. बापाची नक्कल मी करायची की, तो समोर भिंतीला टेकून बसलेला असताना करायची. तसा श्वास घेतला, थांबले, आणि बोलले. आला. पुरता नाय, काठावरून हाक मारल्यासारखा, पण आला. तुम्हाला करून दाखवू? पण तुम्हाला कसं कळणार जमलं का नाय. तुम्ही तो ऐकलाच नाय कधी. कुणीच ऐकला नाय. वैशालीला ऐकवला, ती उठून आत गेली आणि नळ सोडून उभी राहिली, त्यावरून मी धरलं की जमला असेल.

तर रोज दुपारी ताट वाढून घेते. फोन समोर असतो, सवय. श्वास घेते, थांबते आणि त्याच्या आवाजात विचारते, आई, जेवलीस का. पूर्वी खोटं बोलून भागायचं, जेवले रे, आणि तो बरं बोलून फोन ठेवायचा. आता तसं चालत नाय. विचारणारी पण मीच. मग जेवावंच लागतं.

चला, ते बंद करा आता तुमचं. भात लावलाय, खाली जरा लागला असेल, पण तेच चांगलं लागतं. जेवल्याशिवाय उठायचं नाय.